जावयाचं पुढचं चाक

मी सायकलच्या पुढच्या चाकात बैलगाडीचं वंगण भरलं. बोटभर नव्हे. सासऱ्यांच्या गाडीखाली टांगलेला बांबूचा अख्खा नळा रिकामा केला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत ऐकताना तुम्ही माझी बाजू घ्याल अशी मला धास्ती आहे. त्या दिवसांत मी असा काही संतापलो होतो, आणि तेही इतक्या मुद्देसूदपणे, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसावर खरंच अन्याय झाला आहे. मला तर तसं वाटतच होतं.

मी तेव्हा शिरपूरजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. वय बावीस. लग्न वैशाखात झालं. सासर वाशीमच्या पलीकडे दोन कोसांवर. सासरे चार बैलजोड्यांचे शेतकरी, अक्षरओळख नसलेले, पण बोलणं असं तोलून की दोन शब्द कमी पडतील, जास्त होणार नाहीत. त्यांनी लग्नात सायकल दिली. जर्मनीची लढाई सुरू होण्याआधीच त्यांनी ती घेऊन ठेवली होती आणि कापसाच्या खोलीत आढ्याला टांगली होती. म्हणजे मुलीला नवरा ठरायच्या आधी नवऱ्याची सायकल ठरलेली होती, आणि तिच्या मापाचा मनुष्य शोधता शोधता मी सापडलो.

दोन वर्षं आढ्याला लटकलेल्या सायकलचं चाक पहिल्या दिवशी जरासं चिवचिवलं तर त्यात वावगं काय? दोन थेंब तेल पुरलं असतं. पण मला तो माझा अपमान वाटला. जावयाला दिलेली वस्तू आवाज करते म्हणजे काय!

मांडवपरतणीला सासरी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. अंगणात सासऱ्यांचा गडी गाडीचं चाक उतरवून आखाला वंगण देत होता. एरंडीचं तेल आणि त्यात खललेली जळक्या चिंध्यांची राख. काळंभोर, दाट. गाडीचं चाक कुरकुरलं की हे चोपडायचं आणि चाक गप्प होतं, हे वऱ्हाडात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. मला तर कोणी काही सांगायची सोयच नव्हती, मी मास्तर होतो. चाक ते चाक, असा मी विचार केला. सायकलच्या चाकाच्या मधोमध तुंबा असतो, त्यावर तेल सोडायला एक बारीक भोक असतं, त्यावर इवलीशी झाकणी. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी वंगणात तेल कालवून ते पातळ केलं आणि बाभळीच्या काट्यानं त्या भोकातून ठासत बसलो. नळा संपला तेव्हा थांबलो. निम्मं चाकात गेलं, निम्मं माझ्या नव्या धोतरावर.

चाक गप्प झालं. पंधरा दिवस ते असं मुकाट फिरलं की मी शाळेत घर्षणाचा धडा घेताना सायकल वर्गात आणली, चाक फिरवून दाखवलं आणि स्वतःच्या हुशारीचा मोघम उल्लेखही केला.

सोळाव्या दिवशी चाक बोलू लागलं.

चिवचिव नव्हे आता. जात्यात खडा सापडावा तसा आवाज. कर्र, कर्र, मग एक कट्, पुन्हा कर्र. अर्ध्या कोसावरून लोकांना कळायचं की मास्तर येऊन राह्यला. मी घंटी काढून ठेवली, तिची गरजच उरली नाही. बैल बिचकायचे आणि बैलवाले माझ्याकडे असं बघायचे की जणू तो आवाज मी तोंडानं काढतो आहे.

मी शास्त्रशुद्ध तपास केला. घंटी काढली होतीच, मग दिव्याचा कंस काढला, पंप काढला, चिखलपत्रा काढला. आवाज तसाच. शाळेच्या भिंतीजवळून सायकल चालवत आवाजाचा पडसाद ऐकला आणि निष्कर्ष काढला की दोष पुढच्या चाकात आहे. इथवर माझं काहीच चुकलं नव्हतं, हे नमूद करून ठेवतो. यानंतर मी गावच्या सुताराकडे गेलो.

सुतारानं चाकाच्या तारा एकेक करून टिचकीनं वाजवल्या.

"गाडीच्या चाकाले बारा आरे असतात मास्तर. याले इतके कायले?"

"तशीच घडण असते."

"जितके जास्त तितकी कुरबूर. भावकीसारखं हाय हे." त्यानं चाक उलटंपालटं केलं. "सुकलं हाय. उन्हाळभर टांगून होतं ना? डोहात घाला. पानी पिऊन फुगलं म्हंजे आवळते."

आता गाडीचं लाकडी चाक सुकून खिळखिळं झालं की ते नदीत घालून ठेवतात, लाकूड फुगतं आणि चाक घट्ट बसतं, हे खरंच आहे. सायकलचं चाक लोखंडाचं असतं, हेही खरं आहे आणि हे मला माहीत होतं. तरी मी ते उतरवून नाल्याच्या डोहात घातलं, वर दगड ठेवला आणि सकाळपासून दुपारपर्यंत काठावर बसून राहिलो. का, ते विचारू नका. चार वेळा विचारल्यावर पाचव्या वेळी मी रागावतो.

चाक बाहेर काढून जोडलं तर आवाज दुप्पट! मी तडक सुताराकडे गेलो.

"तुम्ही सांगितलं तसं केलं. बिघडलं."

"लाकडाचं असतं तं फुगलं असतं," सुतार रंध्यावरून मान वर न करता म्हणाला. "तुमचं चाकच खोटं हाय."

चाकच खोटं! हे वाक्य मला फार आवडलं. त्यात माझा कुठे संबंधच नव्हता. खोटं चाक. खोटं चाक कोणी दिलं? सासऱ्यांनी. कोणाला? जावयाला. संताप असा एका सरळ रेषेत आला की मला हायसं वाटलं.

तोवर आखाड लागला होता. लग्नानंतरचा पहिला आखाड नवरी माहेरी काढते, त्यामुळे बायको गेली होती. श्रावणात मी जाऊन तिला आणायची असा रिवाज. ती चौथी शिकलेली होती. पहिल्याच महिन्यात मी तपासलेल्या वह्यांमधल्या माझ्या दोन चुका तिनं काढल्या आणि मला काही न बोलता पेन्सिलनं दुरुस्त करून ठेवल्या. त्या मला ती गेल्यावर दिसल्या. तेव्हापासून घर फार मोठं वाटू लागलं. मी भाकरी थापायचो ती एका बाजूनं नकाशासारखी आणि दुसऱ्या बाजूनं कोळशासारखी व्हायची. म्हणजे तिला आणायची घाई कोणाला होती, तर मला होती. आणि तरीही मी काय केलं?

पोस्टकार्ड लिहिलं.

"आपण दिलेल्या सायकलीचे पुढील चाक खोटे निघाले. चाक बदलून मिळाल्याशिवाय मी न्यायला येणार नाही. कळावे."

उघडं कार्ड. पाकिटात घालावं इतकीही अक्कल नव्हती. वाशीमच्या पोस्टातून ते सासऱ्यांच्या गावी जाईल तेव्हा वाटेत निदान चार जण वाचतील, हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर तेच हवं होतं. जावयाचा रुसवा चार लोकांत झाला तरच तो रुसवा. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही. सासऱ्यांना वाचता येत नव्हतं. मग घरात कार्ड वाचून दाखवणार कोण?

उत्तर आलं नाही. श्रावण लागला, नागपंचमी झाली, उत्तर नाही. शेजारची म्हातारी रोज विचारायची, "मास्तर, सून कधी येते?" आणि मी रोज चाकाकडे बोट दाखवायचो. तिला ते कळत नसे. मलाही हळूहळू कळेनासं होऊ लागलं, पण माघार कशी घ्यायची? ठरवलं की वाशीमला जायचं, जाणत्या मिस्त्रीकडून चाक खोटं आहे असं चार लोकांसमोर वदवून घ्यायचं आणि ते सासऱ्यांच्या कानावर घालायचं.

बाजाराचा दिवस होता, शाळेला सुट्टी. उघाड होती. सहा कोस कर्र-कट् करत मी वाशीमला पोचलो. स्टेशनच्या रस्त्याला कडुनिंबाखाली एका मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक हवा भरायचा पंप, आणि फांदीला लटकलेल्या जुन्या ट्यूबा. मिस्त्री पन्नाशीचा, दाढी मेंदीची, बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी.

"हे चाक सदोष आहे," मी उतरता उतरता म्हणालो. "शिरपुराकडून सहा कोस असंच बोंबलत आलं. कारखान्यातूनच सदोष. तुम्ही फक्त तसं सांगा. बदलावं लागेल म्हणा."

"सांगतो ना साब. पहले पाहू तं द्या."

त्यानं सायकल घेतली आणि स्वतःच कडुनिंबाला दोन फेऱ्या मारल्या. पायडल मारलं, सोडलं. ब्रेक लावला, सोडला.

"पायडल सोडल्यावर बी आवाज हाय. म्हंजे चेन सुटली, पायडल सुटलं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग पुढचं चाक उचलून धरलं, हातानं गरकन फिरवलं, हँडलला कान लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ. वैद्यानं नाडी बघावी तसा. मला राग आला, कारण मला निदान आधीच ठाऊक होतं आणि हा माणूस ते पहिल्यापासून काढत होता.

तारा दोन-दोन चिमटीत धरून दाबल्या. "टाइट हाय."

खडूचा तुकडा रीमजवळ धरून चाक फिरवलं. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली. "सीधी हाय. एक केसाचा फरक नाही. चांगला माल आहे साब, असा आता भेटत नाही."

त्यानं एकेक भाग निर्दोष सोडला की मला चपराक बसल्यासारखं व्हायचं. शेवटी त्यानं चाक आडवं हलवलं. आतून खट् खट् आवाज आला.

"हा!" तो म्हणाला.

"खोटं आहे ना?"

"खोलू तं द्या."

त्यानं गोणपाट अंथरलं, नट सैल केले, आस बाहेर ओढला. आणि त्याच्या मागून जे बाहेर आलं ते मी आजही विसरलेलो नाही. काळा, चिकट, रेताड लगदा. त्यात छर्रे, म्हणजे चाक ज्यांच्यावर फिरतं त्या पोलादी गोळ्या, असे रुतलेले की चिखलात ज्वारी सांडली असावी. मिस्त्रीनं एक छर्रा पुसून उन्हात धरला. त्याची गोलाई गेली होती, अंगभर खड्डे पडले होते. त्यानं लगदा बोटावर घेतला, वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं.

"साब, ह्याच्यात तं गहू पेरता येते."

मी फांदीला लटकलेल्या ट्यूबा मोजू लागलो.

"ये तो गाडी का वंगण है. आन ही नाल्याची माती. चाक नाल्यात कायले गेलं होतं?"

"वंगण वंगणच असतं," मी म्हणालो. आवाज चढला होता. "गाडीला चालतं, मग सायकलला काय धाड भरली?"

"गाडीले छर्रे असतात काय वो?" आता तोही चिडला. "तिथी लोखंडावर लाकूड, चालते रमतगमत. राख गेली तं कोनाचं काय जाते? इथी छर्रे हायेत, इवलुशे, फिरतात भिरभिर. राख घातली म्हंजे तुमी त्याईले जात्यातच घातलं. दोन थेंब तेल टाकलं असतं तं हे चाक तुमच्या नातवानं चालवलं असतं!"

मग जरा निवून त्यानं आतल्या वाट्या कापडानं पुसल्या आणि नखानं चाचपल्या.

"वाट्या वाचल्या. चाक बदलाची गरज नाही. छर्रे नवे टाकतो, छऱ्याईले धरनारा एका बाजूचा कोन गेला तो जुन्या सायकलीचा काढून लावतो. लढाईमुळे सामान नाही, नाही तं तुमाले नवा देला असता. संध्याकाळपर्यंत चाक मुकं होऊन जाईन."

मुकं! मी हादरलो. चाक मुकं झालं तर माझ्या कार्डाचं काय? मी चाकासाठी बायको अडकवून ठेवली होती, आणि हा माणूस ते चाक दोन मूठ छऱ्यांवर बरं करायला निघाला होता.

"नवंच चाक बसवलं तर?"

"मिळत नाही साब. आता परवाच एक पाटील येऊन गेला. म्हने, पुढचं चाक पाह्यजे, कुठूनबी आना, अकोल्याहून आना. म्हने, जवाई रुसला. पोरगी घरी बसून हाय." मिस्त्री थुंकला. "असा कसा जवाई असते वो? चाकासाठी बायकोले टाकून ठेवते!"

"असतात एकेक," मी म्हणालो.

"तुमच्याच तिकडचा हाय. शिरपुराकडचा. मास्तर हाय म्हने." त्याचा हात थांबला. "तुमी तं नाही ना?"

"छे! मी कशाला?"

हे इतकं जोरात म्हणालो की समोरच्या टांग्याचं घोडंही वळून बघू लागलं. मग मी मिस्त्रीच्या जवळ सरकलो आणि आयुष्यात कोणी कारागिराला केली नसेल अशी विनंती केली.

"मिस्त्री, एक करा. जुनेच छर्रे परत घाला. आहे तसं बंद करा."

"आवाज राहीन ना मंग."

"राहू द्या. थोडा आवाज हवाच आहे."

मिस्त्री उभा राहिला. त्यानं पाना उचलला, आणि मला वाटलं आता हा पाना माझ्यावरच चालतो.

"तीस वर्षं झाली हे काम करून राह्यलो. लोक आवाज काढाले आनतात. आवाज बसवाले आननारा तुमीच पयले! मी नाही करत. उचला तुमचं चाक, न्या सुताराकडे, कुंभाराकडे न्या!"

मी काही बोलणार तेवढ्यात मागे घुंगरं वाजली. रेंगी येऊन थांबली, ताडपत्रीचं छत घातलेली हलकी बैलगाडी, पांढऱ्या जोडीची. ती जोडी मी ओळखली. पळावं म्हटलं तर सायकलला पुढचं चाक नव्हतं.

सासरे उतरले. "राम राम मिस्त्री. चाकाचं जमलं काय मंग?" म्हणत दोन पावलं आले आणि त्यांना मी दिसलो. "राम राम जवाईबापू."

मिस्त्रीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पाना खाली ठेवला आणि बाजूच्या पेटीवर बसला, तमाशाला बसतात तसा.

"राम राम मामाजी," मी म्हणालो. आणि काय सांगू, त्याही क्षणी माझा ताठा गेला नाही. "मी चाक दाखवायलाच आणलं होतं."

सासरे गोणपाटापाशी उकिडवे बसले. बोटानं लगदा उचलला. अंगठ्यावर चोळला. नाकाशी नेला. जन्मभर गाड्या हाकलेला माणूस, त्याला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"आमचा गडी म्हने, जवाईबापूनं वंगनाचा नळा रिकामा केला," ते सावकाश म्हणाले. "मी म्हटलं असंन, टाचा फुटल्या असतीन, पायाले लावलं असंन. मानूस लाजते सांगाले."

मिस्त्रीनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"मामाजी, आवाज येत होता..."

"आवाज येत होता तं येऊन बोलाचं. इथून दोन कोस पुढे घर होतं." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त लागला. "कार्ड धाडलं तुमी. मले वाचता येते काय? पोरीनं वाचून दाखवलं. ओट्यावर, चार मानसांत. मले समजलं नाही, म्हटलं परत वाच. तिनं परत वाचलं. 'चाक बदलून मिळाल्याशिवाय न्यायला येणार नाही.' शेवटचं 'कळावे' बी वाचलं."

कार्ड लिहिताना मला सासऱ्यांचा पडलेला चेहरा दिसत होता, पोस्टमास्तरचा दिसत होता, सगळ्या गावाचा दिसत होता. ओट्यावर उभी राहून स्वतःची किंमत दोनदा मोठ्यानं वाचणारी ती एकटी तेवढी दिसली नव्हती. इतके दिवस मी ज्याच्या-त्याच्यावर चिडत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा योग्य माणसावर चिडलो, पण त्या माणसाला मी शाळेतल्यासारखा कोपऱ्यातही उभा करू शकत नव्हतो.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "चाक चांगलं होतं. मीच घालवलं. मिस्त्री दुरुस्त करताहेत. मी... मी न्यायला आलो असं समजा."

"असं समजा?" मिस्त्रीला राहवलं नाही. "समजा कायले, नीट म्हना ना!"

"न्यायला आलो आहे," मी नीट म्हणालो.

सासऱ्यांनी बोट निंबाच्या बुंध्याला पुसलं आणि ते रेंगीकडे वळले. तेव्हा मला कळलं की ताडपत्रीच्या आत कोणीतरी आहे आणि हे सगळं तिनं ऐकलं आहे. सासरे ताडपत्रीशी वाकले.

"काय म्हनतं माय? जवाई न्याले आले. घरी नेऊ त्याईले, की इथूनच वापस धाडू? तू म्हनशीन तसं."

बैलानं मान हलवली, घुंगरं वाजून थांबली. मिस्त्रीनं हातातला छर्रा हातातच ठेवला. मी सहा कोस सायकल हाणत आलो होतो, पण अंगाला घाम तेव्हा फुटला.

मग ताडपत्रीचा पडदा बोटभर बाजूला झाला. तिनं गोणपाटावरचा तो काळा लगदा पाहिला, माझ्या धोतरावरचे त्याच वंगणाचे जुने डाग पाहिले, मग बापाकडे वळून म्हणाली,

"सायकल मांगं बांधा बाबा, आन त्याईले गाडीत मधात बसवा. चाकापाशी नोका बसू देऊ."